दांडी इकडे, व्हॉल्व्ह तिकडे

इंदूरहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी एक जुनी मोटार आहे. तिचा गिअरबॉक्स गेल्या महिन्यात खालून उघडून पुन्हा बसविण्यात आला. गाडी घरी परत आली त्या दिवसापासून दांडी 'न्यूट्रल'वर ठेवली तरी ती हळूहळू पुढे सरकते. कारागिराचे म्हणणे असे, की जुन्या गाडीला एवढे चालायचेच. आणि यजमानांचे म्हणणे असे, की बायकांनी यंत्रात डोके घालू नये. "आपण या सदरात यंत्रांविषयी लिहिता, तर आपले मत काय?" असा त्यांचा प्रश्न आहे.

यजमानांची क्षमा मागून प्रथम उत्तर देतो आणि कारण मागाहून सांगतो. ताई, ती गाडी आज चालवू नका. तिचे इंजिन चालू असताना तिच्या पुढे किंवा मागे कोणालाही उभे राहू देऊ नका. घरात कोणाला फेरफटक्याची हौस आली, तर किल्ली डाळीच्या डब्यात लपवून ठेवा. इतके परखड उत्तर देण्याचा अधिकार मला पुस्तके वाचून मिळालेला नाही. तो दुबलगुंडीत मिळाला, आणि तोही माझ्या स्वतःच्या चुकीतून.

दुबलगुंडी हे आमचे मूळ गाव. बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले. आमचे घराणे त्यापूर्वीच हैदराबादेस येऊन स्थिरावले होते. तरी दत्तजयंतीला माणिकनगरला श्रीमाणिकप्रभूंच्या दर्शनास जायचे आणि परतताना दोन दिवस दुबलगुंडीला भावकीत राहायचे, हा परिपाठ अजून चालू आहे. तिकडे घरात मराठी, बाजारात कानडी आणि गॅरेजात दखनी हिंदी असा तीन भाषांचा संसार सुखाने चालतो. एकाच वाक्यात तिन्ही भाषा आल्या तरी कोणाला अर्थ विचारावा लागत नाही.

पुण्याहून सोलापूर-उमरग्यावरून हैदराबादेस जाणारा हमरस्ता हुमनाबादवरून जातो. पूर्वी त्याला नऊ नंबरचा म्हणत, आता तो पासष्ट नंबरचा झाला आहे. या रस्त्याच्या आधाराने माझ्या चुलतभावाच्या मुलाने एक लहानसे गॅरेज थाटले आहे. त्याच्याबरोबर एक वृद्ध उस्ताद काम करीत. त्यांनी उमेदीची वर्षे आखातातील गॅरेजांत घालविली होती. आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी क्वचित दृष्टीस पडे त्या काळात त्यांच्या हाताखालून त्या शेकड्यांनी गेल्या होत्या. त्यामुळे अशी गाडी वाटेत अडली, की ट्रकवाले हटकून या गॅरेजचा पत्ता सांगत.

पुढची हकीकत समजण्यासाठी या यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. साध्या गाडीत आपण दांडी ओढतो तेव्हा आतल्या गिअरांची जुळणी आपल्या हाताच्या जोराने बदलते. ऑटोमॅटिक गाडीत तसे होत नाही. तेथे गिअर बदलण्याचे सारे काम तेलाच्या दाबाने होते. इंजिनच्या जोरावर एक पंप फिरतो, तो तेलाला दाब देतो, आणि ते तेल ज्या क्लचकडे किंवा पट्ट्याकडे वळेल तो आवळला जाऊन त्या त्या वेगाचा गिअर लागतो. आता हे तेल वळवायचे कोणी? ते काम करणाऱ्या भागाला व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमचा हा चपटा ठोकळा गिअरबॉक्सच्या पोटात, बहुधा खालच्या बाजूस, तेलाच्या तबकाच्या वर बसविलेला असतो. त्याचे दोन भाग अलग केले, तर आत वारुळाचा छेद घेतल्यासारखे नागमोडी मार्ग दिसतात. त्या मार्गांच्या तोंडाशी लहानमोठे व्हॉल्व्ह मागेपुढे सरकत असतात.

ज्यांनी शेतात रात्री उसाला दारे धरलेली आहेत, त्यांना हे यंत्र लगेच उमगेल. पाटातून पाणी येते. एक दार मातीने बुजवायचे, दुसरे फोडायचे, की पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात जाते. व्हॉल्व्ह बॉडी ही अशीच दारे धरणारी आहे. यातील बहुतेक दारे गाडीचा वेग आणि इंजिनवरचा भार पाहून आपोआप उघडमीट करतात. पूर्वी हे तेलाच्या दाबाच्याच हिशेबाने होई. अलीकडच्या गाड्यांत विजेवर चालणाऱ्या सोलेनॉइडना संगणक हुकूम देतो. परंतु एक मुख्य दार बहुतेक गाड्यांत माणसाच्या हाती राहिले आहे. त्याला मॅन्युअल व्हॉल्व्ह म्हणतात. पुढे जायचे, मागे जायचे की थांबायचे, एवढे तो ठरवितो. आपण बसल्या जागी जी दांडी हलवितो ती एका पट्टीला फिरविते, त्या पट्टीवर एक बारीक पिन असते, आणि ती पिन या व्हॉल्व्हच्या खाचेत अडकलेली असते. आपला हात आणि गाडीचे पोट यांच्यामधला निरोप्या म्हणजे बोटाच्या पेराहूनही लहान अशी ही पिन.

ही कल्पना काही नवी नव्हे. अमेरिकेतील जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' नावाचा संपूर्ण आपोआप चालणारा गिअरबॉक्स १९३९ साली बाजारात आणला आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो बसविला. दुसऱ्या महायुद्धात तोच एम-५ या हलक्या रणगाड्यातही गेला. त्यानंतर कित्येक पिढ्यांचे गिअरबॉक्स झाले, तरी तेल वळविणारा ठोकळा आणि त्याला निरोप पोचविणारी पिन ही जोडी पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. मात्र २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे ज्या स्वस्त 'एएमटी' गाड्या आल्या, त्यांची जात वेगळी. त्यांच्या पोटात साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबण्याचे आणि दांडी ओढण्याचे काम तेवढे यंत्र करते. त्या गाड्यांना पुढील मजकूर जसाच्या तसा लागू पडत नाही.

आता ती हकीकत. काही वर्षांपूर्वी दत्तजयंती आटोपून मी दुबलगुंडीस उतरलो होतो. गॅरेजात एक ऑटोमॅटिक गाडी लोखंडी स्टँडवर उचलून ठेवलेली होती. तिला मागे घेताना गिअर लागण्यास फार उशीर लागे. उस्तादांनी व्हॉल्व्ह बॉडी काढून धुतली होती, अडकणारा एक व्हॉल्व्ह मोकळा केला होता, आणि ती पुन्हा बसविण्याचे काम प्रथमच माझ्या पुतण्यावर सोपविले होते. उस्ताद दुपारच्या नमाजासाठी आणि जेवणासाठी घरी गेले. जाताना एवढेच म्हणाले, "सावकाश. मी येईपर्यंत चाके जमिनीला लावू नका." त्यांचा बारा वर्षांचा नातू शाळेला सुट्टी म्हणून आला होता. तो समोरच्या भिंतीशी बसून एका तसराळ्यात हत्यारे पुसत होता.

पुतण्याने काम मनापासून केले. वजनदार ठोकळा एका हाताने वर दाबून धरायचा, कोपरापर्यंत तेल ओघळत असताना दुसऱ्या हाताने बोल्ट लावायचे, ही कसरत त्याने पार पाडली. बोल्ट आपापल्या भोकांत बिनतक्रार गेले. तबक चढले, तेल भरले. गाडीचे मालक हैदराबादेस निघण्यासाठी घड्याळाकडे पाहत येरझारा घालीत होते. पुतण्याने मला विचारले, "काका, उस्तादांची वाट पाहू, की उतरवू खाली? तुम्ही तर इंजिनिअर आहात." आयुष्यभर कारखान्यात नोकरी केलेला मी, त्या शब्दाने सुखावलो. म्हणालो, "सारे बोल्ट बसले आहेत ना? मग उतरव."

गाडी उतरली. दांडी 'पार्किंग'वर होती. इंजिन सुरू होताच गाडीने किंचित हिसका दिला आणि इंजिनचा आवाज जरा दबला. तो हिसका आम्हा दोघांनाही जाणवला आणि दोघांनीही तो मनावर घेतला नाही. गाडी मागे रस्त्याकडे काढायची होती. पुतण्याने ब्रेकवर पाय ठेवून दांडी 'रिव्हर्स'वर घेतली, मान वळवून मागे पाहिले आणि ब्रेक सोडला. गाडी पुढे गेली.

मी ओरडलो. त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा तिचे नाक आणि त्या मुलाचे गुडघे यांच्यात वीतभर अंतर उरले होते. तसराळे उलटून पाने-स्पॅनर फरशीवर पसरले होते. मुलगा रडला नाही. तो उठलाही नाही. नुसता गाडीकडे पाहत राहिला. पुतण्याने इंजिन बंद केले, पण त्याचा पाय ब्रेकवरून निघेना.

उस्ताद आले. आम्ही घडले ते सांगितले. कोणी उतरव म्हटले हेही मी सांगितले. त्यांनी नातवाच्या डोक्यावरून हात फिरविला आणि त्याला घरी पाठविले. आम्हाला एक शब्दही बोलले नाहीत. चाकांना ठोकळे लावले, गाडी पुन्हा स्टँडवर घेतली, तांबडे तेल स्वच्छ भांड्यात उतरवून घेतले, तबक काढले. मग खिशातून दंतवैद्याकडे असतो तसा लांब दांड्याचा एक छोटा आरसा काढून आत धरला, माझ्या हाती दिवा दिला आणि पुतण्याला सांगितले, "वर बसून दांडी हालव." दांडी हलली. पट्टी हलली. पिनही हलली. व्हॉल्व्ह मात्र जागच्या जागी होता. पिन खाचेत नव्हतीच; ती खाचेच्या शेजारून जात होती. ठोकळा वर दाबताना व्हॉल्व्ह जरासा सरकला होता आणि नेमका गाडी पुढे नेण्याच्या जागी थांबला होता.

आता सारा उलगडा झाला. 'पार्किंग'चे कुलूप तेलावर चालत नाही. एक लोखंडी खिटी चक्राच्या दातांत अडकते, आणि ती त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जोडलेली असते. म्हणून गाडी थांबून राहिली होती. 'पार्किंग' किंवा 'न्यूट्रल'वाचून इंजिन सुरू होऊ न देणारा स्विचही दांडीचेच ऐकतो, म्हणून इंजिन सुरू झाले. सारे जण दांडीचे ऐकत होते. तेल मात्र व्हॉल्व्हचे ऐकत होते, आणि व्हॉल्व्हपर्यंत निरोप पोचतच नव्हता. सुरुवातीचा हिसका म्हणजे आतून पुढे ढकलणारे इंजिन आणि त्याला अडविणारी खिटी यांचे भांडण होते. यंत्राने आम्हाला वेळेवर सांगितले होते. ऐकण्याइतकी सवड आमच्यापाशी नव्हती.

त्या दिवशी उस्तादांनी सारे काम पुन्हा मुळापासून करून दाखविले. ते येथे क्रमाने लिहितो. ज्या वाचकांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी हे काम स्वतः करावे असा माझा आग्रह नाही. परंतु आपल्या गाडीचे काय चालले आहे हे समोर उभे राहून पाहण्यास याचा उपयोग होईल.

पहिली गोष्ट स्वच्छतेची. आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ दिवाळीनंतर सगळीकडे उडत असते. व्हॉल्व्ह आणि त्याचे घर यांच्यामधली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. धुळीचा कण किंवा फडक्याचा एक धागा तेथे अडकला, तरी व्हॉल्व्ह रुसतो. म्हणून उस्ताद दार लोटून घेत आणि चिंधी कधीही वापरीत नसत. धुतलेला प्रत्येक व्हॉल्व्ह तेलात बुडवून ठोकळा तिरपा केला, की तो आपल्या वजनाने सरकला पाहिजे, ही त्यांची परीक्षा.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. आतल्या काही मार्गांत हरभऱ्याएवढ्या गोळ्या असतात. त्या तेलाला एका बाजूनेच जाऊ देतात. ठोकळा उलटा धरून वर चढविताना त्या घरंगळतात. त्यांना जागच्या जागी चिकटवून ठेवण्यासाठी थोडे शुद्ध व्हॅसलीन लावतात; ते गरम तेलात विरघळून जाते. चाकांचे जाड ग्रीस तेथे चालत नाही. ते नीट विरघळत नाही आणि बारीक भोके बुजविते. गोळी कोणत्या खणात होती याचे चित्र काढतानाच टिपून ठेवावे, कारण खण गोळ्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतात आणि मोकळा खण दिसला, की चुकीची गोळी टाकण्याचा मोह होतो.

तिसरी गोष्ट गॅस्केटची. भोकांच्या पत्र्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन गॅस्केट पुष्कळ गाड्यांत असतात. त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, पण एखाद्या भोकाचा फरक असतो. नवी गॅस्केट जुनीवर आणि मग पत्र्यावर ठेवून उजेडाकडे धरावी. जे भोक उघडे हवे ते उघडे दिसले पाहिजे.

चौथी गोष्ट बोल्टांची. ते एका लांबीचे नसतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकून आटे फोडतो. आखूड बोल्ट खोल भोकात दोनच आट्यांवर लोंबकळतो. उस्ताद एका पुठ्ठ्यावर ठोकळ्याची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवीत. आवळताना मधून बाहेरच्या बाजूस, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. कित्येक गाड्यांत हे माप दहा-अकरा न्यूटन-मीटर एवढेच असते. मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला एक किलोची पिशवी अडकवावी तेवढाच हा जोर. ट्रकची चाके आवळणारा हात येथे पडला, तर अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पिळवटतो आणि मोकळे केलेले व्हॉल्व्ह पुन्हा अडकतात.

आणि पाचवी गोष्ट त्या पिनेची. ठोकळा वर चढविताना व्हॉल्व्हची खाच आणि पिन समोरासमोर आणायची, पिन खाचेत शिरल्याचे आरशात पाहायचे, आणि दोनच बोल्ट हाताने फिरवून थांबायचे. मग एकाने वर बसून दांडी पहिल्यापासून शेवटच्या खाचेपर्यंत नेऊन परत आणायची आणि दुसऱ्याने खालून व्हॉल्व्हचे टोक दांडीबरोबर सरकते का ते पाहायचे. ते सरकले, तरच उरलेले बोल्ट. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. त्यानंतर तबक, तेल, आणि चाके अधांतरी असतानाच इंजिन सुरू करून प्रत्येक गिअरची परीक्षा. पुढे म्हटले की चाके पुढे फिरली पाहिजेत, मागे म्हटले की मागे.

पुतण्या खालून डोळे वर करून पाहत होता. टोक सरकले तसा तो म्हणाला, "हालले." उस्ताद म्हणाले, "आणखी एकदा." असे त्यांनी चार वेळा करविले. नंतर चहा घेताना मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "साहेब, बोल्ट तर चुकीच्या कामातही बसतो." बीदरचा बिदरी कारागीर चांदीची तार खाचेत बसविताना खाच डोळ्यांसमोर पाहत असतो. मोटारीच्या कारागिराची खाच डोक्यावर, अंधारात आणि तेलाआड असते. म्हणून जे दिसत नाही ते जुळलेच असेल असे धरून चालायचे नाही, हा त्या धंद्याचा धर्म. मी तो चाळीस वर्षे कागदावर शिकलो होतो, आणि एका सुखावणाऱ्या शब्दापायी विसरलो.

आता पुन्हा इंदूरच्या ताईंकडे वळतो. तुमची गाडी 'न्यूट्रल'मध्ये सरकते याची कारणे तीन असू शकतात. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतची केबल किंवा सळई चुकीच्या मापाने लागली असेल; हे बाहेरच्या बाहेर तपासता येते, म्हणून प्रथम तेच पाहावे. एखादा क्लच आत चिकटून सुटत नसेल. मग काम मोठे आहे. अथवा पिन खाचेत नसेल. तिसऱ्या कारणाची खूण अशी, की दांडी कोठेही नेली तरी गाडीचे वागणे बदलत नाही. मागे म्हटले तरी ती पुढेच ओढते. ही खूण घरी अंगणात पाहू नका. गाडी दोरीने ओढूनही नेऊ नका, कारण इंजिन बंद असताना चाके फिरली तर अशा पुष्कळ गिअरबॉक्सांना आतून तेल मिळत नाही. ती दुसऱ्या वाहनावर चढवून न्या, आणि चाके उचलून परीक्षा करावयास सांगा. कारागिराला एकच प्रश्न विचारा: "तबक लावण्यापूर्वी दांडीबरोबर व्हॉल्व्ह हलताना तुम्ही डोळ्यांनी पाहिला होता का?" जाणता कारागीर या प्रश्नाने रागावणार नाही. जो रागावेल त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

यजमानांना माझा नमस्कार सांगा. गाडी सरकते हे घरात प्रथम तुमच्या ध्यानात आले, एवढे त्यांनी लक्षात घेतले तरी पुरे. आम्ही दोघे जाणते पुरुष तो हिसका अंगावर जाणवूनही गप्प बसलो होतो.

उस्तादांचा नातू आता मोठा झाला आहे आणि त्याच गॅरेजात काम शिकतो. गेल्या खेपेस गेलो तेव्हा एक गाडी स्टँडवर होती आणि तिचे मालक, अर्थातच, घाईत होते. मुलगा खाली उताणा पडून आरशात पाहत होता. माझा पुतण्या वर बसला होता, हात दांडीवर. खालून मुलाने आवाज दिला. तो कानडीत की मराठीत हे सांगता येणार नाही, कारण त्या मुलखात हा शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाने चालतो: "सावकाश."